पावागड : काळ्या जिन्यावरचा एक दिवस



पावागड आपण पाहिला आहे, असे आपल्या गोत्रीतले बहुतेक लोक सांगतात. तो कसा पाहिला, हे विचारले म्हणजे उत्तर ठरलेले असते. पहाटे निघालो, हालोलवरून चांपानेरला गेलो, बसने माचीवर चढलो, तेथून रोपवेच्या पाळण्यात बसलो, सहा-सात मिनिटांत वर पोहोचलो, कालिकामातेचे दर्शन घेतले आणि दिवेलागणीला घरी आलो. देवीचे दर्शन घडले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु गड पाहावयाचा राहून गेला. पाळणा वर सरकत असताना पायांखालून जे काही निघून जाते, ते गुजरातेत इतक्या थोड्या चढणीत अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळेल. येथे एका विझलेल्या अग्नीचा अवघा वृत्तान्त दगडाच्या थरांत लिहून ठेवलेला आहे, आणि तो वाचावयास पाय लागतात. म्हणून या लेखात पावागड पायवाटेने, वाटाड्याबरोबर, एका दिवसात कसा पाहावा आणि तेथे काय ओळखावे, हे सांगण्याचा विचार आहे.

वाटाड्या हवाच, हे प्रथम सांगते. पायऱ्यांचा मार्ग सोडला की गडावर कडे आहेत, घळी आहेत, झुडपांनी झाकलेल्या जुन्या टाक्यांची तोंडे आहेत. चांपानेर आणि माची येथे वाट दाखविणारी माणसे मिळतात. त्यांतला वयस्कर, कमी बोलणारा मनुष्य निवडावा. आमच्या वर्गाला मिळालेला वाटाड्या तसाच होता. दगडाचे शास्त्रीय नाव त्याला ठाऊक नव्हते, पण कोणत्या दगडावर पाऊल ठरते आणि कोणता पायाखालून निसटतो, हे त्याने आम्हांला दोन वाक्यांत शिकविले. काळा, खडबडीत दगड भरवशाचा आणि फिकट, पत्र्यासारखा सुटणारा दगड दगाबाज, असे तो म्हणे. हा भेद शास्त्रालाही मान्य आहे. त्याची कारणे पुढे येतील. पावसाळ्यात मात्र या वाटांना जाऊ नये. तेव्हा शेवाळापुढे वाटाड्याचेही काही चालत नाही. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम.

पहिले निरीक्षण गडावर नव्हे, रस्त्यावरच करावयाचे. वडोदऱ्याची वस्ती मागे पडली की सपाट शेते सुरू होतात, आणि हालोल जवळ येऊ लागले की त्या सपाटीतून पावागड एकाएकी उभा राहतो. दोन्ही अंगांना त्याच्या तोडीचा दुसरा डोंगर नाही. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ८०० मीटर आहे. सह्याद्रीत हा आकडा कोणी मनावर घेणार नाही. पण सह्याद्रीत डोंगराला भावंडे असतात आणि हा एकटा आहे. थंडीच्या सकाळी पायथ्याशी धुके असले म्हणजे तो समुद्रातील बेटासारखाच दिसतो. गाडी थांबवून दोन मिनिटे त्याची बाह्यरेषा पाहावी. ती सरळ उतरत नाही. थोडी उतरते, आडवी होते, पुन्हा तुटून उतरते, पुन्हा आडवी होते. एखाद्या राक्षसाच्या घरचा जिनाच जणू!

या एकटेपणाची एक लोककथा आहे. येथे पूर्वी एक खोल दरी होती आणि दरीच्या काठी विश्वामित्र ऋषींचा आश्रम होता. त्यांची गाय चरता चरता दरीत पडली. तिने दरी दुधाने भरून टाकली आणि ती पोहत वर आली. पुन्हा असे होऊ नये म्हणून ऋषींनी दरी बुजवून देण्याची प्रार्थना केली. देवाने एवढा मोठा डोंगर धाडला की त्याचे तीन भाग दरीत गेले आणि पाव भाग वर उरला, तोच पावागड. आमच्या वर्गातील एका मुलीने मला विचारले, “बाई, मग ही गोष्ट खोटी का?” मी म्हटले, गोष्टीने जो प्रश्न विचारला तो अगदी खरा आहे. सपाट प्रदेशात हा एकच डोंगर का, हे कोणाला तरी शेकडो वर्षांपूर्वी खटकले होते आणि त्याने आपल्या परीने उत्तर शोधले. भूशास्त्राचे उत्तर ऐकले तर गंमत वाटेल. त्या शास्त्राच्या मतेही हा डोंगर मूळ रचनेचा उरलेला अंशच आहे. फरक एवढाच की बाकीचा भाग खाली गाडला गेला नाही, तो वाहून गेला.

ते कसे, हे नीट समजून घेऊ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारताच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला शिलारस बाहेर आला. ज्वालामुखी म्हटले की शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या तोंडातून उडणाऱ्या ज्वाळा आपल्या डोळ्यांपुढे येतात. दख्खनचा बहुतांश शिलारस तसा उडाला नाही. तो भेगांतून उतू गेला आणि पसरला. एक थर थिजला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असे होत गेले. आजही या काळ्या कातळाने भारताचा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश झाकलेला आहे. रायगड, अजिंठा, वेरूळ आणि पुण्यामुंबईचे डोंगर हे सारे त्याच कुळातले. त्या थरांच्या पायऱ्या पाहून युरोपीय शास्त्रज्ञांनी या खडकाला ‘ट्रॅप’ हे नाव दिले. तो शब्द उत्तर युरोपातील भाषांतून आला असून त्याचा अर्थ जिना असाच आहे. म्हणजे रस्त्यावरून तुम्हांला जो जिना दिसला, तोच त्यांनाही दिसला होता.

पावागडाचे थर चांपानेरच्या आसपास आणखी दूरवर पसरलेले होते. ऊन, पाऊस आणि नद्या यांनी कोट्यवधी वर्षे झिजवून ते नाहीसे केले. मग हा एवढाच तुकडा का वाचला? त्याचे मोठे कारण त्याच्या माथ्यावर आहे. तेथवर आपण चढणारच आहोत.

माचीपर्यंत गाडीरस्ता आहे. ‘माची’ हा शब्द मराठी मुलांना राजगडाच्या सुवेळा आणि संजीवनी माच्यांमुळे परिचित आहे. गडाच्या अंगावर जी आडवी, बऱ्यापैकी रुंद जागा असते ती माची. अशा जागा माणसाने खोदलेल्या नसतात. थरांच्या डोंगरात मऊ भाग लवकर झिजतो, टणक भाग मागे उरतो आणि त्यांच्या मध्ये सपाटी तयार होते. तेथे माणूस तट बांधतो, दुकाने मांडतो, आणि आता मोटारीही उभ्या करतो. माचीवर नारळ, चुनरी, चहा आणि फाफड्याच्या दुकानांची रांग आहे. चहा घ्यावा, पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्या आणि देवीच्या वाटेची गर्दी सोडून आडवाटेला लागावे. सात कमानीकडे जाणारी पायवाट अशीच आहे. घडीव दगडांच्या त्या कमानींच्या रांगेतून खालची सपाटी पाहिली म्हणजे पहारा करणाऱ्याला किती दुरून सैन्य दिसत असेल, याची कल्पना येते.

येथे थांबून कातळाला हात लावावा. खालचा दगड काळसर, वजनदार आणि घट्ट आहे. हा बसाल्ट. त्याच्या जातीत बारीक छिद्रे पुष्कळदा आढळतात. शिलारस थिजत असताना त्यातील वायूचे बुडबुडे अडकून राहिले, त्यांच्या या खुणा होत. आणखी वर गेले की दगडाचा रंग बदलू लागतो. काळा जाऊन राखी, पिवळट, तांबूस अशा छटा येतात. कडे अधिक उभे होतात. माथ्याचा हा फिकट दगड म्हणजे रायोलाइट. दख्खनच्या विस्तीर्ण काळ्या राज्यात तो थोड्याच ठिकाणी सापडतो आणि पावागडाची कीर्ती शास्त्रज्ञांत आहे ती त्यामुळेच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील फर्मोर यांनी १९०६ साली या एका डोंगराच्या शिलारसांवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला.

दोन दगडांतील भेद आईच्या स्वयंपाकघरात समजेल. साखरेचा एकतारी पाक परातीत ओतला तर तो क्षणात कडेपर्यंत पसरतो. गोळीबंद पाक ओतला तर तो जेथे पडला तेथेच ढीग करून बसतो. बसाल्टचा शिलारस एकतारी पाकासारखा असतो. त्यात सिलिका हे द्रव्य जवळजवळ निम्मे असते, आणि तो ११०० ते १२०० अंश सेल्सियस इतका तापलेला असतो. म्हणून तो दूरवर वाहतो. रायोलाइटमध्ये सिलिकेचे प्रमाण शेकडा ७० च्या पलीकडे असते आणि त्याचे तापमानही कमी असते. तो चिकट असतो, वाहावयास नाखूष असतो. थिजताना त्यात पदर पडतात, आणि पुढे उन्हापावसाने ते पदर सुटतात. आमच्या वाटाड्याने ज्याला दगाबाज दगड म्हटले, तो हाच. तरीही एकसंध असेल तेथे हा दगड फार टणक असतो, आणि त्याच्या जाड टोपीने खालच्या काळ्या थरांचे रक्षण केले. आजूबाजूचे टोपीविना थर वाहून गेले, टोपीखालचे राहिले. लोककथेतील ‘पाव’ वाचला तो असा.

मी कलाशाखेची पदवीधर. दगडांचे ज्ञान मला फार उशिरा झाले. माझ्या घरी कोकणी बोलतात. आमच्या बोलीत दगडाला ‘फातर’ म्हणतात, आणि फातर म्हटला की आम्हांला तांबडा जांभाच आठवतो. त्याच जांभ्याचे चिरे काढून आमच्याकडे घरे बांधतात. काळ्या कातळाशी त्याचे काही नाते असेल, असे मला लहानपणी कोणी सांगितले असते तर मी हसले असते. वास्तविक रत्नागिरीकडचा जांभा हा या काळ्या बसाल्टच्याच कुजण्यातून तयार झालेला आहे. भरपूर पाऊस आणि उष्णता यांनी कातळातील विरघळणारी द्रव्ये धुऊन नेली; लोखंड मागे राहिले आणि गंजून तांबडे झाले. एकाच कुळातील दोन भावंडे, एक देशावर काळे राहिले आणि एक कोकणात तांबडे झाले.

चढताना मुलांनी जो प्रश्न हमखास विचारावा तो आमच्या मुलांनीही विचारला : हा पुन्हा पेटेल का? नाही. पावागडाखालचा अग्नी केव्हाच विझला आहे. पण मग तो अग्नी गेला कोठे, हा त्याहून चांगला प्रश्न एका मुलाने केला, आणि त्याचे उत्तर आपल्याला पाच हजार किलोमीटरांवर नेते.

शास्त्रज्ञांत बहुमान्य असलेले मत असे : पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या एका तप्त प्रवाहावरून त्या काळी भारताची भूमी जात होती. प्रवाह जवळपास आपल्या जागी राहिला, भूमी उत्तरेकडे सरकत गेली. आजही ती वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर सरकते. चुलीवरून पोळी पुढे ओढीत न्यावी आणि तिच्यावर डागांची ओळ उमटावी, तशी हिंदी महासागरात बुडालेल्या व न बुडालेल्या ज्वालामुखींची ओळ उमटली आहे. १९८७ साली संशोधकांनी जहाजावरून समुद्रतळाला छिद्रे पाडून तेथील दगडांचे नमुने काढले. ते दख्खनपासून दक्षिणेकडे जावे तसे वयाने लहान होत गेलेले आढळले. या ओळीच्या टोकाशी मॉरिशस आणि रीयुनियन ही बेटे आहेत. रीयुनियनवरील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी २,६३२ मीटर उंच असून जगातील अतिशय जागृत ज्वालामुखींत त्याची गणना होते. प्रवासी तेथे मार्गदर्शकाबरोबर मोटारीने जातात. पक्का रस्ता संपतो, राखेचे आणि कंकरांचे निर्जन मैदान लागते, त्यावरील कच्च्या वाटेने गाडी हिंदकळत कड्याच्या काठापर्यंत जाते, आणि तेथून पुढे पायी. खाली नव्या शिलारसाचे काळे पट्टे दिसतात. काहींचे वय तर तुमच्या वयाहूनही कमी आहे! पावागडाच्या पायथ्याचा काळा थर नुकताच थिजला असेल, तेव्हा येथील भूमी साधारण तशीच दिसत असावी.

मॉरिशसचे ज्वालामुखी शांत आहेत. क्युरपिप या गावी एका जुन्या ज्वालामुखीचे गोल मुख झाडांनी भरलेले पाहावयास मिळते. त्या बेटावर मराठी माणसे राहतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. एकोणिसाव्या शतकात, १८३४ नंतर, उसाच्या मळ्यांत मजुरीसाठी गेलेल्या हिंदी लोकांत कोकणातील व देशावरील कित्येक कुटुंबे होती. त्यांचे वंशज आजही गणेश चतुर्थीला मूर्ती मिरवीत पाण्यापर्यंत नेतात, आणि त्या दिवशी सबंध देशाला सुटी असते. मळे करण्यासाठी त्यांच्या पूर्वजांनी शेतांतून वेचून काढलेला काळा दगड आणि त्यांनी मागे सोडलेला सह्याद्रीचा काळा दगड हे एकाच चुलीवरचे होते. त्यांना ते कळण्याचा काही मार्ग नव्हता.

आता पुन्हा आपल्या गडावर येऊ. माथ्याकडील पठारावर तलाव आहेत. दुधिया, छासिया, तेलिया अशी गडावरील तलावांची नावे आहेत, म्हणजे दूध, ताक आणि तेल! लोकांच्या कल्पनेला दाद द्यावीशी वाटते. भेगा नसलेला कातळ पाणी मुरू देत नाही, म्हणून एवढ्या उंचीवर पाणी टिकते. आणि पाणी टिकते म्हणून तेथे गड होऊ शकला. लकुलीशाचे सुमारे हजार वर्षांपूर्वीचे भग्न मंदिर याच पठारावर आहे. देवीच्या घाईत त्याच्याकडे फारसे कोणी वळत नाही. तेथे बसून शिदोरी सोडावी. वानरांपासून मात्र सावध! आमच्या एका गड्याचे ठेपले डब्यासकट गेले.

उभे कडे आणि वरचे पाणी यांच्या बळावर चौहान राजांनी हा गड लढविला. महमूद बेगड्याला त्याच्यासाठी सुमारे वीस महिने वेढा घालून बसावे लागले. १४८४ साली गड पडला. पुढे १५३५ साली हुमायून आला. फार्सी इतिहासकार सांगतात की, त्याच्या लोकांनी रात्री कड्यात लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि सुमारे ३०० माणसे त्यांवरून चढली. चढणाऱ्यांत एकेचाळिसावा स्वतः बादशहा होता. कड्याच्या काठी उभे राहून, वाटाड्याचा हात न सोडता, खाली पाहावे. बसाल्टमध्ये तशी खुंटी ठोकणे आणि पदर असलेल्या रायोलाइटच्या फटीत ठोकणे यांत किती फरक पडत असेल, हा विचार करण्यासारखा आहे. नंतरच्या काळात गड मराठ्यांकडे आला आणि शिंद्यांच्या राज्यात मोडू लागला. १८०३ साली कर्नल वुडिंग्टनने तो घेतला. पण तहानंतर तो शिंद्यांस परत मिळाला. पंचमहालाचा कारभार त्यांनी १८५३ साली इंग्रजांकडे सोपविला. म्हणजे ज्या तटाशी बसून आपण ठेपले खातो, त्यावर कोणे एके काळी मराठीत पहारा बदलला जाई.

आणि त्याच तटावर, त्याच कातळावर आज नावे कोरलेली आढळतात. बदामाच्या आकृत्या, वर्ष, शाळेचे नाव सुद्धा! एकदा कोरलेले अक्षर पुसता येत नाही, आणि ओरखड्यातून पाणी शिरून पदर सुटण्यास मदतच होते. चांपानेर-पावागड हे क्षेत्र २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झाले आहे. तेथून दगड आणावयाचा नाही, अगदी खिशात मावणारा सुद्धा नाही. आमच्या मुलांनी वहीत चित्रे काढली आणि प्रत्येक थरापाशी दगडाचा रंग व छिद्रे यांची नोंद केली. वर्गाच्या भिंतीवर ती चित्रे खालपासून वरपर्यंत ओळीने लावली, तेव्हा त्यांतून गडाचा काप आपोआप उभा राहिला.

उतरल्यावर चांपानेरसाठी दोन तास ठेवावे. बेगड्याची जुम्मा मशीद पाहताना बोटांनी तिचा दगड तपासावा. तो काळाही नाही आणि रायोलाइटही नाही. तो पिवळट वालुकाश्म आहे. गड समोर उभा असून नक्षीसाठी गडाचा दगड का घेतला नाही, याचे उत्तर छिन्नी देईल. बसाल्टवर तशी नाजूक जाळी कोरणे कष्टाचे, वालुकाश्मावर सोपे. सर्पाकार पायऱ्यांची विहीरही जवळच आहे. ज्यांना आणखी जुने दगड पाहावयाचे असतील त्यांनी एखाद्या दुसऱ्या दिवशी शिवराजपूर-जांबुघोडा बाजूस जावे. तेथील खडक ज्वालामुखीच्या कितीतरी पूर्वीचे आहेत. ब्लॅनफर्ड यांनी १८६९ साली त्यांना चांपानेरचेच नाव दिले, आणि शास्त्रात ते नाव आजतागायत चालू आहे.

परतताना शहरात शिरल्यावर विश्वामित्री ओलांडावी लागते, तेव्हाच गोत्री येते. ही नदी पावागडातून निघते. लोककथेतील ऋषींचे नाव तिला मिळाले आहे. सकाळी आपण पाहिले की एकसंध कातळ पाणी मुरू देत नाही. तलावांना जे वरदान, तेच नदीला संकट. गडावर पाऊस कोसळला की पुष्कळसे पाणी मातीत न थांबता घळींतून सरळ खाली धावते आणि सपाटीला लागते. या सपाटीला उतार थोडा, म्हणून तेथे त्याचा वेग मंदावतो, ते साचते, पसरते. पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखातापर्यंत जाणाऱ्या या पाण्याला शहरातून एवढीच एक वळणावळणाची वाट आहे, आणि तिच्या काठांवर आपण भराव घालून घरे बांधली आहेत. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस अतिवृष्टी झाली, आजव्याच्या तलावातून पाणी सुटले आणि विश्वामित्रीची पातळी शहरात ३५ फुटांहून वर गेली. कित्येक वस्त्यांत लोक वरच्या मजल्यांवर अडकून पडले होते, आणि रस्त्यावरच्या पाण्यात मगरी आल्या होत्या, हे तुम्ही पाहिलेच आहे.

येत्या आषाढात काळ्या घोड्याजवळच्या पुलावर गेलात तर नदीच्या पाण्याचा रंग आणि पातळी वहीत लिहून ठेवा, आणि त्याच दिवशी हालोलला किती पाऊस झाला तो आकडा वर्तमानपत्रातून काढून त्याच्या शेजारी लिहा. असे चाळीसएक दिवस झाले की ती वही घेऊन माझ्याकडे या.